जुन्या साड्या-चादरींचे घरी शिवलेले पडदे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोहारणीच्या पाटीत जायला निघालेल्या साड्या अडवून त्यांचे पडदे शिवायचा नाद मला बरीच वर्षं आहे. शेजारी आणि नात्यात हे कळल्यापासून प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा तेच ते येतात. म्हणून एकदाच लिहून काढले. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे किचकट. एकदा सांगितलेली गोष्ट परत न सांगता त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे. मापं इंचांत आहेत, कारण शिंपी, पडदेवाला आणि साडीचा पन्हा, तिघंही आपल्याकडे इंचांतच बोलतात.

१. मला मशीनवर फक्त सरळ टीप मारता येते. पडदा जमेल का?

जमेल. पडदा म्हणजे चार सरळ टिपा: दोन बाजूंच्या, एक तळाची, एक वरच्या नेफ्याची. साडी उभी वापरली तर दोन्ही बाजूंना तिचे काठ आयते असतात, म्हणजे उरल्या दोनच. परकराला नाडीचा नेफा शिवला असेल तर पडदा तुम्हाला येतोच. ब्लाउजची बाही बसवण्यापुढे हे काहीच नाही. खरं काम मशीनवर बसायच्या आधी असतं: कापड पारखणं, धुणं, सरळ कापणं. खालची निम्मी उत्तरं त्याचीच आहेत.

२. कोणतं जुनं कापड पडद्याला चालतं?

सुती साडी सगळ्यात उत्तम. धुऊन धुऊन मऊ झालेली असते, आटायची तेवढी आटलेली असते आणि पडते छान. त्यानंतर सुती चादरी, दुलईच्या खोळी, धोतर, मोठे टेबलक्लॉथ. सिंथेटिक साड्या (जॉर्जेट, शिफॉन, पॉलिस्टर) टिकायला दणकट, पावसाळ्यात पटकन वाळतात. पण शिवताना सरकतात (प्रश्न १२) आणि स्वयंपाकघरात नकोत (प्रश्न १५). रेयॉनचा पडदा स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो आणि धुतला की आटतो, तळ कधी एका रेषेत राहत नाही; मी घेत नाही. होजिअरीचं, म्हणजे ताणलं जाणारं कापड तर नकोच.

सोलापुरी चादरीचा पडदा होतो का, हेही बरेच जण विचारतात. होतो, आणि थंडीत बाल्कनीच्या दाराला झकास होतो, पण तिचं वजन मजबूत रॉडलाच पेलतं. स्प्रिंगच्या तारेवर टांगली की मधोमध झोळी होते.

कापड सुती आहे की सिंथेटिक कळत नसेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि चिमटीत चुरगळणारी मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. हे बेसिनवर करा, पडद्याच्या ढिगाशेजारी नको.

३. साडी विरली आहे की अजून दम आहे, कसं ओळखायचं?

दिवसा खिडकीसमोर दोघींनी दोन टोकं धरून साडी उजेडात पसरा. विरलेला भाग जाळीसारखा फिकट दिसतो. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकं ताणा, आधी उभ्या धाग्यात, मग आडव्या. "चर्र" झालं तर तो भाग बाद.

साडी सगळीकडे सारखी विरत नाही. पायाशी घासणारा खालचा काठ, खांद्यावर पिना टोचलेला भाग आणि कमरेला खोचायची जागा आधी जातात. निऱ्यांच्या आतल्या घड्या बऱ्याचदा नव्यासारख्या निघतात. म्हणून "साडी फाटली" म्हणून टाकून देण्याआधी ती पूर्ण उलगडून बघा. एक हात फाटलं असेल आणि चार मीटर शाबूत असेल, तर खिडकीपुरतं काम झालं.

पडद्याच्या बाबतीत एक सोय अशी, की त्यावर ताण फार येत नाही. अंगावर नेसायला नको झालेली साडी खिडकीत आणखी काही वर्षं काढते. फक्त नेफ्याच्या जागी विरलेला भाग येऊ देऊ नका. रोज ओढाओढ तिथेच होते.

४. एका साडीत किती पडदे होतात?

पाचवारी म्हणतो ती साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४५ इंच पन्ह्याची. ब्लाउजपीस कापलेला असेल किंवा साडी जुन्या मापाची असेल तर आधी टेपने मोजा, अंदाजावर जाऊ नका.

समजा खिडकी ४८ बाय ४८ इंच. रॉड दोन्हीकडे ६-६ इंच जास्त घेतला तर झाला ६० इंच. रॉड चौकटीच्या ४ इंच वर आणि पडदा चौकटीच्या ६ इंच खाली धरला, तर लटकती लांबी ५८. त्यात तळाची मुडप साडेतीन इंच, वरचा नेफा साडेतीन इंच आणि चुकीला एक इंच मिळवा: ६६. म्हणजे २१६ इंचांत तीन तुकडे बसतात (१९८) आणि १८ इंच उरतात.

आता रुंदी. पडद्याचं कापड रॉडच्या किमान दीडपट हवं, नाहीतर चुण्या न पडता पाटी टांगल्यासारखं दिसतं. दोन तुकडे घेतले तर ९० इंच, बरोब्बर दीडपट. तिसराही घालायचा असेल तर तो उभा मधोमध कापून एकेक अर्धा दोन्ही पडद्यांना जोडा: १३५ इंच, सव्वादोनपट, अगदी भरगच्च. मी स्वतः जाड सुतीला दीडपट आणि झिरझिरीत साडीला दुप्पट धरते.

नऊवारी मिळाली तर चैन. सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड असतं, याच मापाचे चार तुकडे आरामात निघतात.

५. साडी उभी लावायची की आडवी?

दोन्ही चालतं, पडदा मात्र अगदी वेगळा दिसतो.

उभी म्हणजे प्रश्न ४ प्रमाणे तुकडे कापून. काठ दोन्ही बाजूंनी वरून खाली उतरतात. दाराला आणि उंच खिडकीला हेच बरं.

आडवी म्हणजे साडी जशी नेसतो तशी धरायची: एक काठ वर, एक खाली. ४५ इंचांचा पन्हा हीच पडद्याची उंची. वरचा काठ मागे दुमडून नेफा केला की तयार उंची ४२-४३ इंच मिळते. चाळीतल्या किंवा जुन्या फ्लॅटमधल्या साडेतीन फुटी खिडकीला हे माप चपखल बसतं, तळाला मुडपावं लागत नाही आणि खालचा काठ सुरेख झालरीसारखा दिसतो. रुंद काठाच्या साड्या मी आडव्याच लावते. उभ्या लावल्या की त्या काठांच्या चार पट्ट्या गजांसारख्या दिसतात.

पदर दोन्ही प्रकारांत शक्यतो वेगळा काढून ठेवा. त्याची वीण दाट, नक्षी वेगळी. साध्या अंगाशेजारी तो ओरडतो. एका अरुंद खिडकीला एकटा पदर लावला तर मात्र देखणा दिसतो.

६. घरात जुनं कापड नाही. विकत कुठून घ्यावं?

पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार आहे, बाकी शहरांतही आठवडी बाजाराच्या कडेला जुन्या कपड्यांची पथारी असते. पण आधी बोहारणीला विचारा. भांड्यांवर घेतलेल्या साड्या ती पुढे विकतेच, आणि तिची पारख आपल्यापेक्षा चांगली असते. नात्यात "जुन्या सुती साड्या टाकू नका, मला द्या" एवढं सांगून ठेवलं तर सहा महिन्यांत कपाट भरतं, हा स्वानुभव. नंतर "आता नको" सांगणं जड जातं.

बाजारात घडी उलगडून दाखवत नसतील तर घेऊ नका. जोडीचं कापड एकदमच घ्या, "दुसरी पुढच्या आठवड्यात मिळेल" हे कधीच होत नाही. आणि चादर हातात घेतल्यावर नाकाजवळ न्या. डांबरगोळ्यांचा वास सावलीत वाऱ्यावर चार-पाच दिवस टांगल्यावर बराच जातो, बुरशीचा कुबट वास मात्र चिवट असतो.

७. बाहेरून आणलेलं कापड कसं धुवावं? ढेकणांची भीती वाटते.

भीती रास्त आहे. कापड घरात पलंगावर टाकू नका, पिशवीतून थेट बादलीत. त्याआधी एक काम: बाल्कनीत किंवा मोरीत बसून जुन्या मुडपी, फॉल, लेस, सगळं उसवून टाका. ढेकूण आणि त्यांची अंडी शिवणीतच दडतात, वरवर धुतलेल्या चादरीत तिथेच शिल्लक राहतात.

सुती कापडाला हात लावता येणार नाही इतकं कडक, ६० अंशांचं पाणी घाला आणि अर्धा तास ठेवा. मग नेहमीसारखं धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि वाळल्यावर कडांवरून गरम इस्त्री फिरवा. ५० अंशांच्या वर ढेकूण तगत नाही. सिंथेटिकला इतकं गरम पाणी दिलं तर कायमच्या सुरकुत्या पडतात. ते कोमट पाण्यात धुऊन वाफेची इस्त्री द्या. रेशमी कापडाची भानगड प्रश्न १६ मध्ये.

८. रंग जाऊ नये म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवायचं ना?

आईपासून सगळ्यांनी हेच सांगितलं, मीही कित्येक वर्षं मूठ-मूठ मीठ घातलं. मिठाने तयार कापडाचा रंग पक्का होत नाही. रंगवताना रंगाच्या भांड्यात मीठ घालतात, रंग सुती धाग्यात शिरावा म्हणून. बहुधा तिथूनच हा समज घरात आला असावा. जाणारा रंग जायचा तेवढा जाणारच. वेगळं, थंड पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत तीन-चारदा धुवा. पांढरं ओलं फडकं कापडावर घासून बघा. डाग उठत असेल तर त्याला पांढरं अस्तर लावू नका आणि त्याच्या शेजारी फिकट पडदाही नको.

९. फॉल उसवल्यावर खाली गडद पट्टा निघाला. आता?

हे जवळपास प्रत्येक साडीला होतं. फॉलच्या आड चार-पाच बोटं रुंदीचं कापड वर्षानुवर्षं उजेडापासून आणि घासण्यापासून वाचलेलं असतं, तिथे साडीचा मूळ रंग दिसतो. माझ्या एका मोरपंखी साडीचा फॉल काढला तेव्हा कळलं, मी तिला मोरपंखी समजत होते, ती घेतली तेव्हा जवळजवळ निळी होती. पट्ट्याच्या वरच्या कडेला हातशिलाईच्या बारीक भोकांची रांगही असते. ती दोन धुण्यांत आणि इस्त्रीच्या वाफेत बरीच मिटते.

पट्टा घालवता येत नाही. लपवता येतो. साडी आडवी लावणार असाल तर फॉलचा काठ वर घ्या: अर्धा पट्टा नेफ्यात मागे जातो, उरलेला चुण्यांत हरवतो. उभी लावणार असाल तर पट्ट्याची बाजू भिंतीकडे ठेवा. फॉल साडीच्या सगळ्या लांबीला नसतो, साधारण अडीच-पावणेतीन मीटरलाच असतो. प्रश्न ४ मधला पहिला तुकडा आणि दुसऱ्याचा काही भाग एवढ्यांनाच पट्टा येईल, तिसरा स्वच्छ.

१०. कितीही जपून कापलं तरी पडदा तिरका होतो.

कात्रीने रेघेवर कापलं म्हणजे सरळ कापलं असं नाही. धाग्यावर कापलं तर सरळ. कडेला छोटी चीर द्या, एक आडवा धागा सोडवून हलके ओढत न्या. कापडावर बारीक रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालवा. धागा मध्येच तुटला तर सुईच्या टोकाने परत उचला. साध्या विणीचं सुती कापड चीर देऊन सरळ फाडलंत तरी चालतं, धाग्यातच फाटतं. जरीकाठी साडी मात्र फाडू नका, काठाशी आल्यावर अडकते आणि जर ओढली जाते.

छापील चादरींत आणखी एक गंमत असते. छपाईच कधी धाग्याला तिरकी असते. धाग्यावर कापलं तर चौकटी तिरक्या, चौकटीवर कापलं तर पडदा तिरका लटकतो. अशा वेळी मी धागाच धरते, आणि जमलं तर चौकटींची चादर घेतच नाही.

हे सगळं करूनही पडदा एका बाजूला लांब दिसत असेल तर कापडाला दोष देण्याआधी रॉडला गोळी लावून बघा. म्हणजे खरंच, रॉडवर एक गोटी ठेवा. जुन्या घरांत चौकट आणि रॉड क्वचितच एका पातळीत असतात. अशा ठिकाणी तळाची मुडप शेवटी घालायची: नेफा शिवून पडदा दोन दिवस टांगून ठेवा, मग खिडकीतच टाचण्या लावून तळ ठरवा.

११. नेफा किती रुंद ठेवू? माझा रॉड आतच जाईना.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. लोक रॉडची जाडी १ इंच म्हणून नेफा सव्वा इंच ठेवतात. पण रॉड गोल आहे. त्याचा घेर सव्वातीन इंचांच्या जरा आत, म्हणजे सपाट नेफ्याला त्याच्या निम्मं, दीड इंचाहून थोडं जास्त, नुसतं अडकायलाच लागतं. चुण्या सरकायला हव्यात तर सव्वादोन इंच. स्प्रिंगच्या तारेला १ इंच पुष्कळ.

शिवताना: वरची कड आधी अर्धा इंच उलट बाजूला दुमडून इस्त्री करा. मग ३ इंच दुमडून टाचण्या आडव्या लावा आणि खालच्या कडेलगत टीप. वरच्या घडीपासून पाऊण इंच खाली दुसरी टीप मारली की रॉडसाठी सव्वादोन इंचांचा बोगदा उरतो आणि वर छोटीशी झालर येते. दोन्ही टिपांची टोकं तीन-चार टाके उलट मारून पक्की करा, उसवायला सुरुवात तिथूनच होते. मुडपताना इस्त्री सोडू नका. टाचण्या कमी लावल्या तर चालतं, इस्त्री टाळली तर शिवण वळवळते.

१२. जॉर्जेटच्या साडीवर टीप मारली की कापड आवळून येतं.

सुई बदला. जाड सुईने पातळ कापड ओढलं जातं. पातळ साडीला ११ नंबर, चादरीला १४, सोलापुरी चादरीसारख्या जाड कामाला १६. टाका मोठा करा, वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा. तरीही आवळत असेल तर कापडाखाली पातळ कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर कागद फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

विरत आलेल्या सुती साडीलाही टाका मोठाच हवा. बारीक टाक्यांनी भोकं जवळजवळ पडतात आणि कापड पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं.

१३. मशीन नाही. हाताने शिवला तर टिकेल?

टिकेल. तळाला हेम घालतो तशी साधी हातशिलाई, आणि नेफ्याला उलटी टीप, कारण ताण तिथे असतो. दोरा दुहेरी घ्या. ४५ इंचांच्या तुकड्याला मला एक दुपार लागते. आडव्या साडीचा पडदा तर हातशिलाईसाठीच आहे, त्याला नेफा आणि दोन टोकं एवढंच काम.

१४. दुकानातल्यासारख्या रिंगा घरी बसवता येतात?

प्लास्टिकच्या दाबून बसणाऱ्या रिंगा येतात, त्या घरी बसतात. धातूच्या हव्या असतील तर पडदेवाल्याकडे न्या, मशीनवर मारून देतो. दोन्हीसाठी वरच्या ४ इंच घडीत बकरम (आत घालायचं कडक कापड) हवंच. जुन्या मऊ कापडाला बकरमशिवाय रिंग मारली की काही दिवसांत भोक ताणून ती बाहेर येते.

रिंगा नेहमी सम संख्येत, म्हणजे पडद्याच्या दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. ४५ इंचांच्या तुकड्याला आठ: पहिली आणि शेवटची कडेपासून अडीच इंचांवर, मधलं अंतर साधारण पावणेसहा इंच. रिंगांचा पडदा रॉडच्या थोडा वर येतो, तेवढं लांबीत धरा.

१५. स्वयंपाकघराच्या खिडकीला कोणता पडदा?

शेगडी खिडकीखाली असेल तर कोणताच नाही. अर्धवट पाळलेला नियम इथे उपयोगाचा नाही: वाऱ्याने पडदा शेगडीवर येतो, आणि सिंथेटिक कापड पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. शेगडी लांब असेल तर अर्ध्या उंचीचा सुती पडदा, दोन्ही कडांना बांधलेला. जुन्या धोतराचे दोन जोड करून ठेवा. फोडणीचा तेलकटपणा बसतोच, आलटून पालटून धुता येतात.

१६. जुन्या पैठणीचा पडदा शिवावा का?

नको. रेशमाला उन्हाचा त्रास सुतीपेक्षा लवकर होतो. उन्हाच्या खिडकीत काही वर्षांत कापड घड्यांवर चिरायला लागतं. शिवाय पैठणी जुनी असेल तर जर चांदीची असू शकते. खऱ्या जरीच्या साड्या विकत घेणारे लोक त्यातली चांदी वितळवून काढतात. भांड्यावर देऊन टाकण्याआधीही एकदा पारखून घ्या. फाटलेल्या पैठणीचा काठ काढून साध्या सुती पडद्याच्या तळाला हाताने लावता येतो, उत्तरेकडच्या किंवा आतल्या खिडकीला. असा पडदा पाण्यात धुवायचा नाही, काठ सोडवून मग धुवायचा.

इरकलीचं असंच एक दुखणं. कित्येक इरकली साड्यांचं अंग सुती आणि काठ रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचे असतात. दोन्ही सारखे आटत नाहीत, त्यामुळे उभ्या पडद्यात काठ ढिला पडून लाटा येतात. काठावर इस्त्री मारून सरळ होत नसेल तर काठ वेगळा करून परत लावण्याऐवजी साडी आडवी वापरा. लाट चुण्यांत खपून जाते.

१७. रात्री दिवा लावला की बाहेरून सगळं दिसतं.

अस्तर लावा. जुनं धोतर, पांढरी चादर किंवा मांजरपाट. शिवण्याआधी तपासायचं असेल तर अंधारात कापडामागे मोबाइलचा टॉर्च धरा आणि मध्ये हात हलवा. बोटं मोजता आली तर अस्तर हवं.

इथे मी खाल्लेला मार सांगते. पूर्ण आटलेल्या जुन्या साडीला दुकानातून आणलेलं कोरं मांजरपाट न धुता चारी बाजूंनी शिवलं. पहिल्या धुण्यात अस्तर आटलं, साडी नाही, आणि पडद्याला पोट सुटलं. सगळं उसवावं लागलं. तेव्हापासून कोरं अस्तर दोनदा गरम पाण्यात धुते आणि फक्त नेफ्यात अडकवते. बाजू आणि तळ मोकळे, अस्तर पडद्यापेक्षा इंचभर आखूड. पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावायचं आणखी एक कारण म्हणजे ऊन साडीऐवजी अस्तर खातं.

१८. वाऱ्याने पडदा सारखा उडतो. तळाला काय घालू?

तळाच्या मुडपीच्या दोन्ही टोकांना वजन. पाच-दहा पैशांची ॲल्युमिनियमची नाणी घालू नका, ती कापडापेक्षा हलकी वाटतात. चार आणे २०११ साली चलनातून गेले, ते आमच्याकडे अजून चालतात, एका कोपऱ्यात चार. नाणी छोट्या कापडी पुरचुंडीत शिवून मग मुडपीत सरकवा आणि वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याआधी काढून घ्या.

१९. आम्ही अमेरिकेत आहोत. इथल्या खिडक्यांना साडी पुरेल?

तिकडचे तयार पडदे ६३, ८४, ९६ इंच अशा लांबीत येतात. ८४ इंचांचा पडदा, वर-खाली मुडपीला ७ इंच धरून ९१. २१६ इंचांत असे दोन तुकडे निघतात आणि ३४ इंच उरतात, म्हणजे एका खिडकीला एक साडी. दीडपट चुण्या हव्यात तर रॉड ६० इंचांपर्यंतच. त्याहून रुंद असेल तर दुसरी साडी मागवा, नाहीतर मध्ये साध्या रंगाची चादर जोडून काठाची साडी दोन्ही बाजूंना ठेवा. खिडकीखाली हीटर किंवा रेडिएटर असेल तर पडदा त्याच्या वरच थांबवा. त्यावर पडदा आला तर ऊब पडद्यामागे काचेकडे जाते, आणि विजेच्या हीटरजवळ कापड धोक्याचंच.

२०. यात पैसे खरंच वाचतात का?

साडी घरातली असेल तर हो, दोरा आणि वीज एवढाच खर्च. सगळंच विकत आणायचं असेल, म्हणजे जुनं कापड, नवं अस्तर, बकरम, रिंगा आणि वर शिंप्याची शिलाई, तर तयार पडद्याच्या आसपासच जाता. तेव्हा आवड म्हणून करा, काटकसर म्हणून नको. शिंप्याकडे देणार असाल तर आधी विचारा. पुष्कळ जण जुन्या कापडाला हात लावत नाहीत, शिवताना फाटलं तर वाद नको म्हणून. त्यांचंही चूक नाही.

२१. देवीच्या ओटीत आलेली साडी चालेल?

याला शिवणकामाचं उत्तर नाही. बहुतेक घरांत ती नेसतात किंवा कुणा सवाष्णीला देतात. आमच्या सासूबाई म्हणायच्या, देवघराच्या खोलीला चालेल, न्हाणीघराला नाही. मी तेवढंच पाळते.

२२. आजीची साडी आहे. कापायला हात धजत नाही, पण कपाटातही ठेववत नाही.

कापू नका. आडवी लावा (प्रश्न ५). वरचा काठ अडीच-तीन इंच मागे घेऊन हाताने धावदोरा घाला, टाके पाव इंचाचे, दोरा साडीच्याच रंगाचा. पदर कापायचा नाही. एका टोकाला येऊ द्या, खिडकी उघडली की तो गोळा होऊन भिंतीकडे राहतो. साडीची सगळी लांबी चुण्यांत जाते, म्हणून रॉड लांब निवडा, निदान ८४ इंच. त्याहून छोट्या खिडकीवर फार गर्दी होते. चिमट्याच्या रिंगा मिळाल्या तर धावदोराही नको, पण विरलेल्या काठाला चिमटे लावू नका, दात उमटतात.

वर्षाने धावदोरा एका टोकाने ओढा, सरळ निघून येतो. साडी हाताने धुवा, सावलीत वाळवा, नेफा आता दुसऱ्या काठाला घाला आणि उजेडाची बाजू बदला.